लोकप्रतिनिधीचं पत्र: परराष्ट्र धोरण, घरचे प्रश्न आणि आपलं मत नक्की पोचतं कुठे?

सातासमुद्रापार
5 मे 2024, सकाळी

अमेरिकेच्या काँग्रेसमधल्या, म्हणजे संसदेतल्या, आमच्या मतदारसंघाच्या सदस्यांचं मतदारांना लिहिलेलं पत्र नुकतंच आलं. इथे प्रतिनिधिगृहाचे बहुतेक सदस्य असं पत्र अधूनमधून ईमेलने पाठवतात. वॉशिंग्टनमध्ये काय केलं, मतदारसंघात काय केलं, पुढची सभा कधी, कुठल्या कामासाठी कार्यालयाला फोन करायचा, असा साधारण मजकूर असतो. मी ही पत्रं नेमाने वाचतो. या वेळचं मात्र सविस्तर बोलण्यासारखं आहे, कारण परदेशातली युद्धं आणि आमच्या गल्लीतला पाण्याचा नळ दोन्ही त्यात शेजारी शेजारी आलेत.

निम्मं पत्र 20 एप्रिलच्या शनिवारी परदेशांना मदत देण्यावर झालेल्या मतदानांबद्दल आहे. राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी युक्रेन, इस्रायल आणि इतरांसाठी निधी मागितला तो ऑक्टोबर 2023 मध्ये. त्याच महिन्यात प्रतिनिधिगृहाचे सभापती केविन मॅकार्थी यांना पायउतार व्हावं लागलं आणि तीन आठवडे सभागृहाला निवडलेला सभापतीच नव्हता. सिनेटने, म्हणजे संसदेच्या दुसऱ्या सभागृहाने, 13 फेब्रुवारीला 95 अब्ज डॉलरचं विधेयक 70 विरुद्ध 29 ने मंजूर केलं, तेही प्रतिनिधिगृहात दोन महिने पडून राहिलं. शेवटी नवे सभापती माइक जॉन्सन यांनी विषय चार विधेयकांत वेगळे केले आणि प्रत्येकावर स्वतंत्र मतदान घेतलं. युक्रेन 311 विरुद्ध 112. इस्रायल 366 विरुद्ध 58. तैवान आणि हिंद-प्रशांत 385 विरुद्ध 34. टिकटॉकची विक्री, रशियाची गोठवलेली मालमत्ता वगैरे असलेलं चौथं 360 विरुद्ध 58. पुढच्या चार दिवसांत सिनेटची मंजुरी आणि राष्ट्राध्यक्षांची सहीही झाली.

विषय वेगळे केले, याला मी फार महत्त्व देतो. सगळ्याचं एकच बाड असतं तर प्रत्येकाला म्हणता आलं असतं, मला अमुक हवं होतं, तमुक नको होतं, पण काय करणार, एकत्र होतं. इथे प्रत्येकाला चार वेळा नावानिशी हो किंवा नाही म्हणावं लागलं. आमच्या सदस्यांनी चारही वेळा होकार दिला आणि चारही मतांची कारणं पत्रात दिली. युक्रेनच्या सुमारे 61 अब्जांपैकी 23 अब्जांच्या आसपास रक्कम अमेरिकेचाच रिकामा झालेला शस्त्रसाठा भरण्यासाठी आहे, हे त्यांनी ठळक लिहिलं. इस्रायलच्या मतावर सगळ्यात मोठा परिच्छेद आहे, कारण त्यावरून आमच्या भागात शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा झालाय. त्याच विधेयकात गाझा आणि इतर ठिकाणच्या मानवतावादी मदतीसाठी सुमारे 9 अब्ज होते, असा त्यांचा खुलासा. मला तो पुरेसा वाटला नाही. तरी मत काय दिलं आणि का दिलं, हे माझ्यापर्यंत त्यांच्या सहीने आलं.

बाकीचं घरचं. गावातल्या जुन्या शिशाच्या जलवाहिन्या बदलायला मिळवलेला निधी. इंटरनेटच्या बिलात सवलत देणारी केंद्राची योजना पैशाअभावी बंद पडतेय, ती चालू ठेवण्याच्या विधेयकाला पाठिंबा. मुलांसाठीची करसवलत वाढवणारं विधेयक प्रतिनिधिगृहात 31 जानेवारीला 357 विरुद्ध 70 ने मंजूर झालं आणि सिनेटमध्ये अडकलंय, त्याबद्दल नाराजी. आणि ग्रीन कार्डच्या देशनिहाय मर्यादेविरुद्धच्या विधेयकाला सहप्रायोजक म्हणून नाव.

माझं म्हणणं एवढंच आहे की असं पत्र हातात घेतलं की आधी निवडायला बसावं. लोकप्रतिनिधीने स्वतःच्या मताने ठरवलं ते एका बाजूला. ज्याबद्दल त्याला फक्त मागणी करता येते ते दुसऱ्या बाजूला. आणि जे कुणीतरी तिसऱ्यानेच केलं ते बाहेर. असं केलं की पत्र बरंच बारीक होतं, पण जे उरतं त्यावर त्याला जाब विचारता येतो.

भारतात सध्या निवडणूक चालू आहे. तुमच्या खासदारांकडून पाच वर्षांत असं काही आलं का? आलं असेल तर त्यात परराष्ट्र धोरण होतं का?

टेक्सासची_आजी
5 मे 2024, दुपारी

धागा चांगला काढलात. मला या पत्रांचा शेवटचा भाग सगळ्यात उपयोगाचा वाटतो: "सरकारी खात्यात काम अडकलं असेल तर कळवा."

आमच्या ह्यांचा एक कागद असाच एका खात्यात अडकला होता. फोनवर माणूस मिळायचा नाही, आणि मिळाला तर "प्रक्रिया चालू आहे" एवढंच. लेकीने आमच्या सदस्यांच्या स्थानिक कार्यालयात नेलं. तिथल्या मुलीने पहिल्यांदा एक संमतिपत्र पुढे ठेवलं. 1974 च्या खासगीपणाच्या कायद्यामुळे तुमच्या लेखी परवानगीशिवाय तुमच्या फायलीबद्दल खातं त्यांना काही सांगूच शकत नाही. तिने सगळे कागद तारखेप्रमाणे लावून घेतले आणि स्वच्छ सांगितलं, "निर्णय आमच्या हातात नाही. आम्ही विचारू शकतो, आणि आम्ही विचारलं की त्यांना उत्तर द्यावं लागतं." काही आठवड्यांनी पत्र आलं, काम झालं.

नवीन आलेल्या मुलामुलींना मी हे आवर्जून सांगते. मत नसलं तरी तुम्ही तिथले रहिवासी आहात. जनगणनेत सगळी माणसं मोजून मतदारसंघ आखतात, साधारण साडेसात लाखांचा एक, त्यात तुम्हीही धरलेले आहात. व्हिसावर असाल तरी संकोच करू नका.

रोखठोक
5 मे 2024, रात्री

मला हे पटत नाही. सरकारी पैशाने स्वतःची जाहिरात करायची ही रीत आहे. विद्यमान सदस्याला करदात्यांच्या खर्चाने घरोघरी पोचता येतं, समोरच्याला खिशातून खर्च करावा लागतो. पुढच्या वेळी तोच निवडून येतो यात नवल काय?

सातासमुद्रापार
6 मे 2024

रोखठोक, आक्षेप रास्त आहे आणि जुनाही. टपालाच्या तिकिटाच्या जागी सदस्याची सही चालते ही सवलत इथे अठराव्या शतकापासून आहे. मध्यंतरी 1873 मध्ये ती काढूनही टाकली होती, पुढे परत आली. आता बंधनं आहेत. न मागता मोठ्या संख्येने पाठवलेल्या मजकुरावर तो करदात्यांच्या खर्चाने निघालाय हे छापावं लागतं. पाठवण्याआधी दोन्ही पक्षांच्या सदस्यांचा आयोग तो तपासतो, मत मागणं किंवा देणगी मागणं त्यात चालत नाही. निवडणुकीआधी 60 दिवस असा मजकूर पाठवायचा नाही. ज्यांनी स्वतः नाव नोंदवलंय त्यांच्या ईमेलला ही मुदत लागू नाही, तेवढी फट आहे खरी.

पण पत्रात काय नसतं हा मला जास्त गंभीर प्रश्न वाटतो. 12 एप्रिलला प्रतिनिधिगृहात गुप्त पाळतीच्या कायद्यावर एक दुरुस्ती मतदानाला आली. परदेशी लोकांवर पाळत ठेवताना अमेरिकन माणसांचं जे बोलणं सापडतं, ते चाळण्याआधी न्यायालयाचं वॉरंट घ्यावं, अशी. 212 विरुद्ध 212. बरोबरी म्हणजे दुरुस्ती पडली. एका माणसाने बाजू बदलली असती तर ती मंजूर झाली असती! परदेशी बातम्या जमवणं आणि माझ्या घरातलं फोनवरचं बोलणं यांची गाठ जिथे पडते तिथलं हे मतदान, आणि आमच्या पत्रात त्याचा अवाक्षरानेही उल्लेख नाही. मतदानाची यादी सभागृहाच्या संकेतस्थळावर नावानिशी असते, ती मी पाहिली. त्यांनी विरोधात मत दिलंय. का, ते मी लेखी विचारलंय.

रांगेतला
6 मे 2024

ग्रीन कार्डचं कुणी काढलंच आहे तर लिहितो, कारण आमच्या घरात दुसरा विषय नसतो. 1990 च्या कायद्यानुसार नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांत कुठल्याही एका देशाच्या लोकांना साधारण 7 टक्क्यांहून जास्त मिळत नाहीत. भारताला 7 आणि आइसलँडलाही 7. त्यामुळे आमची रांग दशकाच्या वर गेली आहे. मुलगी इथे लहानाची मोठी झाली. 21 वर्षांची होईपर्यंत आमचा नंबर आला नाही तर तिला आमच्यामागून मिळणारा हक्कही जाईल.

"मी सहप्रायोजक आहे" हे वाक्य आम्ही किती जणांच्या पत्रात वाचलं म्हणून सांगू. 10 जुलै 2019 ला ही मर्यादा काढणारं विधेयक प्रतिनिधिगृहात 365 विरुद्ध 65 ने मंजूर झालं. दोन्ही पक्षांची भरभरून मतं. त्या रात्री आमच्याकडे पेढे वाटले होते. डिसेंबर 2020 मध्ये सिनेटने आपला वेगळा मसुदा मंजूर केला. दोन्ही मसुदे जुळवायला वेळच उरला नाही, जानेवारीत त्या काँग्रेसची दोन वर्षांची मुदत संपली आणि दोन्ही विधेयकं बाद झाली. पुढच्या काँग्रेसमध्ये पुन्हा पहिल्यापासून.

सहप्रायोजक होणं फुकट आहे. दोन वर्षांत हजारोंनी विधेयकं मांडली जातात, कायदे होतात ते काही शेच. मी आता कार्यालयात फोन करून विचारतो की हे विधेयक समितीसमोर यावं म्हणून तुम्ही समितीच्या अध्यक्षांशी बोललात का. पलीकडे क्षणभर शांतता होते, मग "कळवतो" म्हणतात. एकदा खरंच कळवलं होतं, ते मात्र मान्य करायला हवं.

निफाडकर
7 मे 2024

तुमचं युक्रेन, आमचा कांदा. तुम्ही म्हणाल याचा परराष्ट्र धोरणाशी काय संबंध. सांगतो.

ऑगस्ट 2023 मध्ये कांदा निर्यातीवर 40 टक्के शुल्क लागलं. ऑक्टोबरअखेर किमान निर्यातमूल्य टनाला 800 डॉलर. 8 डिसेंबरपासून निर्यात साफ बंद. ती 31 मार्चपर्यंत होती, पण मुदत संपायच्या आतच पुढे वाढवली. मधल्या काळात बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, श्रीलंका, भूतान, बहरीन, मॉरिशस यांना ठरावीक टन, तेही सरकारी सहकारी संस्थेमार्फत. म्हणजे कांदा कुणाला द्यायचा हे दोन सरकारांनी बसून ठरवायचं. एप्रिलअखेर गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला 2000 टनांची परवानगी दिली तेव्हा इकडे लोक किती भडकले ते पेपरात आलंच असेल. परवा 4 मेला बंदी उठली. पण 550 डॉलर किमान मूल्य आणि वर 40 टक्के शुल्क. दोन्ही मिळून 770 डॉलर, किलोला 64 रुपयांच्या आसपास. त्या भावाने दुबईचा व्यापारी आमच्याकडून घेईल की पाकिस्तानकडून?

सध्या उन्हाळ कांदा साठवणीच्या कांदाचाळीत भरायचं काम चालू आहे. पात कापताना इंच-दीड इंच मान ठेवावी लागते, नाहीतर मानेतून सड उतरते. बायका दिवसभर विळ्याने तेच करतायत. दुभाळका म्हणजे जोडकांदा वेगळा, चिंगळी म्हणजे बारीक कांदा वेगळा. एवढं निगुतीने साठवलेला माल ज्या एका कागदावर चढतो-पडतो, तो कागद दिल्लीत रात्रीतून निघतो.

आता खासदारांच्या कार्यअहवालाबद्दल. आमच्याकडे घरी आला होता, चकचकीत कागदावर. सभामंडप, काँक्रीटचे रस्ते, हायमास्ट दिवे, उद्घाटनांचे फोटो. कांदा निर्यातीवर दोन ओळी: "केंद्राकडे सातत्याने पाठपुरावा." कधी, कुणाकडे, उत्तर काय आलं, एक शब्द नाही. मला फोटो नकोत. मला ते उत्तर हवंय.

वाचस्पती
7 मे 2024, रात्री

निफाडकर दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर शोधता येतं, म्हणून जरा लांबण लावतो.

निर्यातबंदीची अधिसूचना 1992 च्या विदेश व्यापार कायद्याखाली विदेश व्यापार महासंचालनालय काढतं. त्याआधी संसदेत मतदान होत नाही. त्यामुळे "बंदीच्या बाजूने मत दिलंत की विरोधात" हा प्रश्न आपल्या खासदाराला विचारताच येत नाही. सातासमुद्रापार म्हणतात त्या हिशेबाने हा विषय "फक्त मागणी" मध्ये बसतो. पण मागणीच्याही जागा ठरलेल्या आहेत आणि त्या प्रत्येकीची नोंद राहते. लोकसभेत दिवसाला 20 तारांकित प्रश्न घेतात, त्यांना मंत्री तोंडी उत्तर देतो आणि उपप्रश्न विचारता येतो. 230 पर्यंत अतारांकित प्रश्नांना लेखी उत्तर मिळतं. शून्य प्रहरात बोलता येतं, लोकसभेच्या नियम 377 खाली विषय मांडता येतो. हे सगळं संसदेच्या संकेतस्थळावर सदस्याच्या नावाने शोधता येतं. "सातत्याने पाठपुरावा" केला असेल तर तो तिथे दिसायला हवा. शुक्रवारी अडीच तास अशासकीय, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यांच्या, विधेयकांना आणि ठरावांना असतात, पण तिथून फार आशा ठेवू नका. आजवर अशी अशासकीय 14 विधेयकंच कायदा झाली, शेवटचं 1970 मध्ये.

मतदानाचा मोठा फरक मात्र लक्षात घ्यावा. अमेरिकेत महत्त्वाच्या मतदानाची नावानिशी यादी असते. आपल्याकडे बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. "होकाराचा आवाज जास्त" म्हणून अध्यक्ष जाहीर करतात आणि तुमच्या खासदाराचा आवाज त्यात होता का, हे कुणालाच कळत नाही. एखाद्या सदस्याने मागणी केली तर मतविभाजन होतं, पण ते क्वचित. घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागतं म्हणून तिथे आकडा असतो. गेल्या वर्षी 20 सप्टेंबरला महिला आरक्षणावर 454 विरुद्ध 2 झालं ते तसं. त्यातून 1985 चा पक्षांतरबंदी कायदा. व्हिप, म्हणजे पक्षाचा आदेश, निघाला असताना विरोधात मत दिलं तर सदस्यत्व जाऊ शकतं. युक्रेनच्या विधेयकावर सभापतींच्याच पक्षाचे 112 जण विरोधात गेले आणि 101 बाजूने, आणि सोमवारी सगळे आपापल्या कामाला लागले. आपल्याकडे हे होऊ शकत नाही. त्यामुळे आपल्या खासदाराने पत्र लिहिलं तरी "मी असं मत दिलं, कारण..." हे वाक्य त्याच्या हाती फारसं उरत नाही. पत्रात सभामंडप का भरतात, त्याचं एक कारण हेही आहे. खासदार निधीचे वर्षाला 5 कोटी ही एकच गोष्ट अशी आहे जिथे कामाची शिफारस तो स्वतः करतो.

माडबनचा
8 मे 2024

वाचस्पती, यात एक भर घालतो, कारण आमच्या गावाने ही गोष्ट अंगावर काढली आहे.

भारत-अमेरिका अणुकरार घ्या. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने 27 सप्टेंबर 2008 ला तो 298 विरुद्ध 117 ने मंजूर केला, सिनेटने 1 ऑक्टोबरला 86 विरुद्ध 13. कुणी कसं मत दिलं ते आजही काढता येतं. आपल्या घटनेत आंतरराष्ट्रीय करार करायला संसदेची मंजुरी लागत नाही. कलम 253 प्रमाणे करार अमलात आणायला कायदा करायचा असेल तर तो संसद करते. त्यामुळे आपल्याकडे करारावर थेट मतदान झालंच नाही. डाव्यांनी सरकारचा पाठिंबा काढला म्हणून 22 जुलै 2008 ला विश्वासदर्शक ठराव झाला, 275 विरुद्ध 256. सरकार राहावं की जावं, यावर. करार बरा की वाईट हा प्रश्न त्याच्या पोटात गेला.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अणुपुरवठादार देशांनी भारताला अणुव्यापाराच्या बंधनांतून सूट दिली, फ्रान्सशी करार झाला, आणि त्याचं ओझं येऊन पडलं राजापूर तालुक्यात. जैतापूर अणुऊर्जा प्रकल्प: 1650 मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या, माडबन, मिठगवाणे, करेल, निवेलीची जमीन. डिसेंबर 2010 मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष भारतात आले आणि पुढच्या करारावर सह्या झाल्या, तेव्हा आमच्याकडचे लोक भरपाईचे धनादेश नाकारत होते. एप्रिल 2011 मध्ये साखरी नाट्याला आंदोलन पेटलं, गोळीबारात एकाचा जीव गेला. प्रकल्प आजही उभा राहिलेला नाही, जमीन मात्र गेली.

संसदेने जिथे खरंच हात घातला तो 2010 चा अणुदायित्व कायदा. अपघात झाला आणि सदोष सामग्री हे कारण निघालं, तर चालवणाऱ्या कंपनीला पुरवठादाराकडून वसुली मागता येईल, असं कलम 17 त्यात आलं. परदेशी कंपन्यांना ते नको होतं. दिल्लीतल्या खासदारांनी आमच्यासाठी काही ठेवलं असेल तर ते कलम. पण ते आमच्यासाठी काय आहे, हे गावात येऊन कुणी समजावलं नाही. ते आम्ही आंदोलनात आलेल्या अभ्यासकांकडून शिकलो.

कालच आमच्याकडे मतदान झालं. मतदान केंद्राबाहेर दोन म्हाताऱ्या "आता कोण येईल तो तरी सांगेल का काय करार झालाय ते" असं बोलत होत्या. मला वाटतं पत्राची एवढीच अपेक्षा आहे लोकांची.

टेक्सासची_आजी
8 मे 2024

माडबनचा, तुमचं लिहिलेलं ह्यांना वाचून दाखवलं. आमचं सासर देवगडचं, विजयदुर्गाची खाडी ओलांडली की तुमचाच मुलूख. तुमच्या भावना पोचल्या.

रोखठोक
8 मे 2024

जाहिरातीबद्दलचं माझं मत कायम आहे. पण 212-212 चं वाचून मी आमच्या सदस्याचं मत शोधलं. त्यांनीही विरोधात दिलंय. मीही लिहितोय त्यांना.

शिवाय एक: डेट्रॉइटहून निवडून आलेले श्री ठाणेदार आपल्या बेळगावात वाढलेले, जानेवारी 2023 पासून प्रतिनिधिगृहात आहेत. आपल्या मंडळांतून त्यांचं कौतुक खूप होतं, ते व्हावंच. पण ते आपले म्हणून त्यांचं मतदान कुणी पाहत नाही. आपल्या माणसाकडून तर हिशेब आधी घ्यावा.

निफाडकर
9 मे 2024

वाचस्पतींनी सांगितलं तसं काल रात्री पोराला संकेतस्थळ उघडायला लावलं. प्रश्न सापडले. कांद्यावरचेही सापडले, लेखी उत्तरांसकट. उत्तरात मंत्रालय म्हणतं, देशातली उपलब्धता आणि भाव पाहून निर्णय घेतले जातात. म्हणजे विचारलं होतं! मग ते अहवालात का छापलं नाही? उत्तर समाधानकारक नव्हतं म्हणून? तेच तर आम्हाला कळायला हवं होतं. आम्ही बाजार समितीत बसून "दिल्लीत कुणी बोलतच नाही" म्हणत राहिलो, आणि इकडे सरकारचं उत्तर कागदावर पडून होतं, ज्यावर पुढचा प्रश्न विचारता आला असता.

आमच्याकडे 20 मेला मतदान आहे, 18 ला संध्याकाळी प्रचार थांबतो. त्याआधी जो उमेदवार गावात येईल त्याला विचारायचं ठरलंय, पाचसहा जण मिळून. निवडून आलात तर पहिल्या अधिवेशनात 550 डॉलर आणि 40 टक्क्यांबद्दल तारांकित प्रश्न टाकाल का, आणि उत्तर आलं की ते जसंच्या तसं ग्रामपंचायतीच्या फलकावर लावाल का.

वाचस्पती
9 मे 2024

दादा, एक सुचवतो. तारांकित प्रश्न कुणाचा लागेल ते सोडतीने ठरतं, त्यामुळे "तारांकित लागला नाही" हे कारण खरंही असू शकतं. म्हणून तारांकित न लागल्यास अतारांकित, आणि नियम 377, अशी तिन्ही नावं घ्या. आणि वाणिज्य, ग्राहक व्यवहार, अर्थ अशा तीन खात्यांत हा विषय विभागलाय. निर्यातीची अधिसूचना वाणिज्यची, शुल्क अर्थखात्याचं, भाव आणि साठ्याचा हिशेब ग्राहक व्यवहारचा. एकाच खात्याला विचारलं तर उत्तर दुसऱ्याकडे बोट दाखवणारं येईल. तिन्हींना वेगळे प्रश्न हवेत.

निफाडकर
9 मे 2024, रात्री

हे कामाचं सांगितलंत. तिन्ही खाती लिहून घेतली. उमेदवार कुठल्याही पक्षाचा असो, जे उत्तर देईल ते इथे टाकतो.